बावीस सेंटीमीटरचा आकाशकंदील: शाळेतली भूमिती कामाला लावताना

घरी केलेला कामट्यांचा कंदील एका अंगाला कलतो. कोपऱ्यात कागद अपुरा पडतो. पाच ताव आणूनही शेवटचे दोन त्रिकोण कमी येतात. दोष हाताला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा कात्री उचलण्याआधीच झालेली असते. यात लागणारं गणित नववी-दहावीपलीकडचं नाही: पायथागोरस, समभुज त्रिकोणाची उंची आणि थोडी समरूपता. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच. कंपासपेटी माळ्यावरून काढावी लागेल.

आकार

आपला नेहमीचा पारंपरिक कंदीलच घ्यायचा आहे. खाली एक चौकोन, वर तसाच एक, आणि मध्ये चार चौकोन कोपऱ्यावर उभे. उभ्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना भिडतात, खालचे कोपरे तळाच्या चौकोनाला, वरचे माथ्याच्या चौकोनाला. सहा चौकोन असे बांधले की मधल्या जागांत आठ समभुज त्रिकोण आपोआप तयार होतात. भूमितीत याला क्युबॉक्टाहेड्रॉन म्हणतात. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकी ही एक.

मोजणी पक्की करून ठेवा: कोपरे १२, कडा २४, पृष्ठं १४. ऑयलरचं सूत्र (कोपरे − कडा + पृष्ठं = २) लावून बघा, १२ − २४ + १४ = २. हे जुळलं म्हणजे सामानाच्या यादीत काही सुटलेलं नाही. प्रत्येक कडेच्या एका अंगाला चौकोन आणि दुसऱ्या अंगाला त्रिकोण येतो, त्यामुळे रंगही दोनच पुरतात. चौकोन एका रंगाचे, त्रिकोण दुसऱ्या, की एकाच रंगाचे दोन तुकडे कुठेही शेजारी येत नाहीत. तिसरा रंग घेतलात तर तो हौसेचा.

बाजू कागदावरून ठरवा

बहुतेक जण "फूटभराची बाजू घेऊ" म्हणून सुरुवात करतात आणि इथेच पैसे जातात. पतंगी कागदाचा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा, म्हणजे ५०.८ बाय ७६.२ सेंमी असतो. तुमच्या दुकानातला वेगळा असेल तर पट्टी लावून मोजा आणि पुढचे आकडे त्याप्रमाणे बदला.

माथा आणि तळ उघडे राहतात, म्हणून कागद लागतो तो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना. चिकटवण्यासाठी प्रत्येक कडेला १ सेंमी जादा धरू.

बाजू ३० सेंमी घेतली तर चौकोनाचा तुकडा ३२ चा होतो. तावाच्या लांबीत असे दोनच बसतात आणि रुंदीत एकच. चार चौकोनांना दोन ताव. त्रिकोण तावाच्या लांबीत उलटसुलट मांडले तर एका तावात तीन बसतात, म्हणजे आठांना आणखी तीन ताव. एकूण पाच, आणि भरपूर कागद वाया.

बाजू २२ सेंमी घेतली तर चौकोनाचा तुकडा २४ चा. रुंदीत दोन, लांबीत तीन, एका तावात सहा! चार वापरायचे, दोन फाटाफुटीसाठी शिल्लक. आठही त्रिकोण दुसऱ्या एका तावात बसतात. पृष्ठभाग जेमतेम निम्म्याला आला, पण ताव पाचाचे दोन झाले. बाजू २३ नेली तरी चौकोन बसतात, फक्त ५०.८ मध्ये ५० वापरले जातात आणि तावाची कड चुरगळलेली असली की संपलं. म्हणून २२.

सगळा कंदील एका आकड्यातून

बाजू २२ ठरली की बाकीची मापं शोधायची नाहीत, काढायची. चौकोनाचा कर्ण = २२ × √२ = ३१.१ सेंमी. हाच कंदिलाच्या सांगाड्याचा उभा उंचावा, हीच त्याची समोरासमोरच्या दोन उभ्या चौकोनांमधली रुंदी. समोरासमोरच्या कोणत्याही दोन कोपऱ्यांमधलं अंतर बरोबर ४४, म्हणजे बाजूच्या दुप्पट. हा या आकाराचा खास गुण: केंद्रापासून कोपरा बाजूइतकाच लांब असतो. केंद्रापासून चौकोनाच्या मध्यापर्यंत १५.६ आणि त्रिकोणाच्या मध्यापर्यंत १८ सेंमी. बल्ब कागदापासून किती दूर राहील ते यावरून कळतं.

कॅल्क्युलेटर नसेल तर कर्णासाठी बौधायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथातली रीत चालते: बाजू, अधिक तिचा तिसरा भाग, अधिक त्या तिसऱ्या भागाचा चौथा. २२ + ७.३३ + १.८३ = ३१.१६. खऱ्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त, कामटीच्या कामात तो दिसतही नाही. मूळ सूत्रात यातून आणखी एक बारीक तुकडा वजा होतो, तो इथे सोडला तरी चालेल. समभुज त्रिकोणाच्या उंचीसाठी "पंधराला तेरा" लक्षात ठेवा: २२ × १३ ÷ १५ = १९.०७. खरं माप १९.०५.

कामट्या

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्यांकडे चिरलेला बांबू मागितला तर मिळतो. दोन मीटर लांबीच्या चार पट्ट्या पुरतात. प्रत्येक कामटी ५-६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असावी. ओला बांबू घेतलात तर चिरून दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. ओल्या कामट्यांवर बांधलेल्या गाठी बांबू आकसला की ढिल्या होतात, आणि कंदील टांगल्यावर आठवड्याने खाली बसल्यासारखा दिसतो. माडाचे हीर फुकट मिळतात, पण २२ सेंमी लांबीला ते वाकतात. दहा-बारा सेंमीच्या छोट्या कंदिलांना ते छान.

हिशेब असा. कडांसाठी २४ तुकडे, प्रत्येकी २४ सेंमी: दोन्ही टोकांना गाठीसाठी १-१ सेंमी सोडून मध्ये नेमके २२. दोन मीटरच्या पट्टीतून असे आठ निघतात, म्हणजे तीन पट्ट्या. चौथीतून कर्णासाठी ३३ सेंमीचे तीन तुकडे (३१.१ आणि गाठींसाठी थोडं).

पहिली कामटी नीट मोजून कापा, तिच्यावर खूण करा आणि बाकीच्या तेवीस तिच्याशीच लावून कापा. नुकत्याच कापलेल्या कामटीशी पुढची लावायची नाही. पेन्सिलीच्या रेघेची जाडी अर्धा मिमी धरली तरी तेवीस वेळा साचून ती ११ मिमीच्या वर जाते. पहिली आणि शेवटची कामटी शेजारी ठेवल्यावर जो फरक पाहून धक्का बसतो तो असा आलेला असतो. २२ च्या खुणा दोन्ही टोकांना करून ठेवा, गाठ खुणेवर यायला हवी.

चौकोन

चार कामट्या खुणेवर एकमेकींवर आडव्या ठेवून पक्क्या दोऱ्याने फुलीत बांधा आणि गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब टाका. थेंब सुकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. गुण्या लावू नका, कामटी कुठे ना कुठे किंचित वाकडी असतेच आणि गुण्या फसवतो. कर्ण फसवत नाहीत: दोन्ही ३१.१ आले तर चौकोन चौरस आहे. एक ३२ आणि दुसरा ३०.२ आला तर तो समभुज चौकोन झाला आहे, बाजू ठीक पण कोन बिघडलेले. लांब कर्णाच्या दोन टोकांवर हलका दाब द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज बाजूच्या वर्गाच्या चौपट असायला हवी. ३२² + ३०.२² = १९३६ आणि ४ × २२² = १९३६. ही बेरीजच जुळत नसेल तर कोन दुरुस्त करत बसू नका, एखाद्या कामटीचं माप चुकलेलं आहे.

सहाही चौकोन असेच.

कंदील का पिळतो

सहा चौकोन जोडले आणि वरच्या चौकोनाला हात लावला की सगळा सांगाडा गर्रकन पिळून खाली बसतो. गाठी कितीही घट्ट असोत. कारण भूमितीत आहे: त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन ठरतात, चौकोनाचे ठरत नाहीत. या आकारात चौकोन मोकळे असले की सगळे मिळून एकदम फिरतात आणि आकृती आठ पृष्ठांच्या ऑक्टाहेड्रॉनपर्यंत आकसू शकते. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी या हालचालीला जिटरबग असं नाव दिलं होतं. त्यांना ती आवडायची, आपल्याला कंदिलात नको.

किती आधार लागतील हे मोजता येतं. प्रत्येक कोपरा तीन दिशांना हलू शकतो: १२ × ३ = ३६. सगळा कंदील उचलून सरकवणं किंवा फिरवणं यांचे सहा प्रकार वजा करा, ३० उरतात. एवढ्या कामट्या हव्यात आणि आपल्याकडे आहेत २४. (हा नियम भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडला.) उणे पडतात सहा, आणि चौकोनही सहाच. प्रत्येक चौकोनात एक कर्ण घातला की काम झालं. पाच चौकोनांत घालून सहावा मोकळा सोडला तर सांगाडा त्या एका जागेतून हलत राहतो, म्हणून "तळाला कशाला" म्हणून टाळू नका.

बाजूच्या चार चौकोनांत कामटीचा कर्ण घातला तर दिवा लागल्यावर त्याची काळी सावली कागदावर पडते. तिथे पांढरा बारीक दोरा वापरा, पण फुलीत, दोन्ही कर्णांवर. दोरा ताण घेतो, दाब घेत नाही, म्हणून एकटा दोरा अर्धंच काम करतो. माथ्याच्या चौकोनात कामट्यांची फुली (दोन तुकडे) घाला, बल्बचा होल्डर तिथे लटकेल. तळाला तिरकी एकच कामटी, म्हणजे बल्ब बदलायला हात आत जाईल. कर्ण सगळे आत्ताच, चौकोन सुटे असतानाच बांधून घ्या. सांगाडा उभा राहिल्यावर आत हात घालून गाठ मारणं म्हणजे नुसती डोकेदुखी.

जोडणी

तळाचा चौकोन जमिनीवर ठेवा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एका उभ्या चौकोनाचा खालचा कोपरा बांधा. चारही उभे चौकोन जमिनीशी काटकोनात उभे राहायला हवेत, बाहेर किंवा आत कलायला नकोत. शेजारच्या चौकोनांचे मधल्या उंचीवरचे कोपरे एकत्र बांधले की ते आपोआप सरळ होतात. चार मधले कोपरे मिळून ३१.१ सेंमी बाजूचा एक आडवा चौरस होतो, तो मोजून बघा. शेवटी माथा. माथ्याचे कोपरे तळाच्या कोपऱ्यांच्या बरोबर वर येतात, ४५ अंशांत फिरवायचा मोह होतो तो टाळा.

आता समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या सहा जोड्या दोऱ्याने मोजा. प्रत्येक ४४ ला अर्धा सेंमी इकडेतिकडे चालेल. एक जोडी ४५.५ आणि दुसरी ४२.५ असेल तर कागद लावण्याआधीच गाठ सोडून दुरुस्त करा. कागद सांगाडा सरळ करत नाही, सांगाडाच कागदाला सुरकुत्या पाडतो.

कागद, आणि त्रिकोणाची नेहमीची फसगत

चौकोनाला कडेने १ सेंमी जादा म्हणजे २२ चे २४. त्रिकोणालाही लोक २४ च घेतात आणि मग कागद कामटीवर धड वळत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कडांना लंब १ सेंमी जादा हवी असेल तर बाजू २ ने नाही, २√३ म्हणजे ३.४६ ने वाढते. बाजू २४ घेतली तर कडेला मिळतो जेमतेम ५.८ मिमी, म्हणजे कामटीची रुंदी झाकण्यापुरताच. खळ धरायला जागाच उरत नाही. त्रिकोणाची बाजू २५.५ घ्या.

त्रिकोण आखायला कोनमापक नको. २५.५ ची रेघ ओढा, कर्कटकाची सुई दोन्ही टोकांवर आळीपाळीने ठेवून २५.५ त्रिज्येचे चाप काढा, ते छेदतात तो तिसरा कोपरा. पेटीतलं कर्कटक एवढं उघडत नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीला २५.५ अंतरावर दोन भोकं पाडून एकात टाचणी आणि दुसऱ्यात पेन्सिल घातली की झालं. एक त्रिकोण जाड पुठ्ठ्यावर काढून कापा आणि बाकीचे त्याच्यावरून आखा. त्याची उंची २२.१ येते. तावाच्या रुंदीत दोन ओळी (४४.२), प्रत्येक ओळीत उलटसुलट चार त्रिकोण, लांबी ६३.८. पाचवा बसवायला ७६.५ लागतात आणि ताव आहे ७६.२ चा. अवघ्या तीन मिलिमीटरने हुकतो, त्यासाठी ओढाताण करू नका.

खळ: दोन चमचे मैदा, एक कप पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर पातळच वापरा आणि कागदाला न लावता कामटीला लावा. कागदाला लावली तर तो भिजून ताणला जातो, रंग सुटतो आणि पिवळ्या चौकोनावर लाल ओघळ येतात. आधी चौकोन लावा, मग त्रिकोण. त्रिकोणाची कड चौकोनाच्या कडेवर येऊन ती झाकते. कोपऱ्यात जादा कागदाला छोटा चिरा द्या, नाहीतर तिथे चोळामोळा होतो. दिवाळीच्या आगेमागे गोव्यात संध्याकाळी हवा दमटच असते आणि सकाळी तट्ट दिसणारा कागद रात्री सैल पडतो. म्हणून कागद लावायचं काम दुपारी उरकू नका, संध्याकाळी लावा. दमट हवेत ताणून लावलेला कागद कोरड्या हवेत आणखी घट्ट होतो, उलटं केलं की ढिला पडतो.

शेपट्या

तळाच्या प्रत्येक बाजूला २२ सेंमी जागा आहे. ४ सेंमीच्या चार शेपट्या आणि मध्ये २ सेंमीच्या तीन फटी: १६ + ६ = २२. चार बाजूंना १६ शेपट्या. तिसरा ताव रुंदीच्या दिशेने ४ सेंमीच्या पट्ट्यांत कापा, ५० सेंमी लांबीच्या एकोणीस मिळतात. सांगाड्याच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी जास्त लांबी, डोळ्याला बरी दिसते. फटी ठेवायलाच हव्यात. सलग झालर लावली तर वारा अडतो आणि कंदील गरगरतो.

बल्ब आणि टांगणी

७ ते ९ वॉटचा एलईडी पुरे. जुना तापणारा पिवळा बल्ब लावू नका, कागद केंद्रापासून सगळ्यात जवळ १५.६ सेंमीवर आहे आणि कंदील वाऱ्यात हलतो. बल्बचा उजळणारा भाग माथ्याच्या फुलीपासून १५.५ सेंमी खाली यावा, म्हणजे तो केंद्रात येतो आणि कागद लावलेली बाराही तोंडं जवळपास सारखी उजळतात. वर राहिला तर खालचे चार त्रिकोण मरगळलेले दिसतात.

कंदिलाचं वजन वायरवर टाकायचं नाही, माथ्याच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधायच्या. दोऱ्यांची भेट माथ्यापासून २० सेंमी वर हवी असेल तर प्रत्येक दोरी √(२०² + १५.६²) = २५.३ सेंमी. अधिक दोन्ही टोकांच्या गाठींसाठी ५-५. चार दोऱ्या एकाच मापाच्या कापल्या की कंदील आपोआप समतोल राहतो. टांगून झाल्यावर एकेक दोरी आखडत बसण्याची गरज नाही. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) टांगताना छपराच्या कडेपासून हातभर आत घ्या. व्हडल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत, तो टिकायचा असेल तर ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळच्या सरीची सोय लावूनच ठेवा.

टोकं काढायची असतील तर

चार उभ्या चौकोनांवर ३० सेंमी उंचीचे टोकदार मनोरे बसवले की कंदिलाचा तारा होतो. मनोऱ्याची प्रत्येक बाजू हा समद्विभुज त्रिकोण. इथली चूक ठरलेली: त्रिकोणाची उंची ३० घेतात. ती उंची तिरकी आहे, म्हणून √(३०² + ११²) = ३२ हवी. ३० च घेतली तर मनोरा २७.९ चाच उभा राहतो.

चार सुटे त्रिकोण कापण्याऐवजी एकाच तुकड्यात आखा. मनोऱ्याची कड √(३०² + १५.६²) = ३३.८. त्या त्रिज्येचा मोठा चाप काढा आणि त्याच्यावर २२ अंतराच्या पाच खुणा करा. खुणा केंद्राला आणि एकमेकींना सरळ रेघांनी जोडा, चार घड्यांत मनोरा तयार. २२ हे अंतर सरळ, म्हणजे जीवेचं मोजायचं. दोरा चापावरून फिरवून मोजलं तर जीवा २१.६ ची पडते आणि मनोरा सांगाड्यावर प्रत्येक बाजूला ४ मिमी अपुरा येतो. चिकटवण्याची १ सेंमी वेगळी धरा. असा एक मनोरा एका तावात जातो. त्याच्या बुडाशी चौकोनाचा कागद लावू नका, नाहीतर टोकापर्यंत उजेडच पोचत नाही. टोक बल्बपासून ४५.६ सेंमीवर आहे आणि तिथे पिवळा किंवा पांढरा कागदच दिसतो, जांभळा काळा पडतो.

स्पर्धेसाठी तिप्पट

बाजू ६६ केली की कामट्या तिप्पट लागतात, कागद नऊपट. वाऱ्याचा धक्काही नऊपट, कारण तो कागदाच्या क्षेत्रफळावर बसतो. जाडी मात्र तीच ठेवली तर तिप्पट लांब कामटी वाकण्याआधी फक्त नवव्या भागाइतका दाब सोसते. म्हणून नुसत्या लांब कामट्या घेऊन मोठा कंदील होत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या चिवारी बांबूच्या काठ्या घ्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, आणि कर्णांना दोऱ्याऐवजी नायलॉनची दोरी. दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्यासाठी आणलेल्या बांबूतून उरतं ते याला पुरतं.

उजेडाचाही हिशेब बदलतो. तोच बल्ब आता नऊपट कागद उजळतो, म्हणजे प्रत्येक भागाच्या वाट्याला नववा हिस्सा. नऊ बल्ब कुणी लावत नाही, पण केंद्रात एकच मोठा लावण्यापेक्षा मध्ये एक उभी काठी घालून तिच्यावर वीस-वीस सेंमी अंतराने चार लावा. कागद फिकट रंगाचा घेतलात तर तेवढ्यात भागतं.